पडायची शाळा

आमच्या पुढच्या खोलीत भाड्याने राहायला आलेल्या बँकेतल्या साहेबांनी चौथ्या की पाचव्या दिवशी आप्पांना विचारलं, "मुकादम, जरा माझं मनगट धरता का?" आप्पा ओट्यावर बसून गुडघ्याला तेल चोळत होते. त्यांनी तेलाचा हात धोतराला पुसला, साहेबांचं मनगट दोन बोटांत धरलं, डोळे मिटून थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "ताप न्हाई. पाणी बदललं की होते तसं." तोवर माझी माय आतून सुंठीचा काढा घेऊन आली होती. साहेबांनी एकदा आप्पांकडे पाहिलं, एकदा पेल्याकडे पाहिलं आणि काढा मुकाट्याने पिऊन टाकला. आमच्या जवळा बाजार गावात आयकिदो ही जपानी विद्या आली ती अशी. माझं सगळं आयुष्य पुढे या विद्येत गेलं, म्हणून तिची सुरुवात जरा बऱ्यापैकी झालेली असती तर बरं वाटलं असतं, पण झाली ती अशी झाली.

आप्पा बाजारातल्या हमालांच्या टोळीचे मुकादम होते. टोळीत चौदा माणसं, आप्पा धरून. शेतकऱ्याच्या गाडीतून आडतीत आणि आडतीतून ट्रकमध्ये पोती चढवायची हे काम. ट्रकला लाकडाची लांब फळी तिरपी लावायची, डोक्यावरून पाठीवर गोणपाटाचा घोंगता घ्यायचा, त्यावर क्विंटलचं पोतं घ्यायचं आणि एकामागे एक फळीवरून वर जायचं. आमचं घर आडतीच्या मागच्या गल्लीत, त्यामुळे पोतं पडल्याचा धप्प आवाज आमच्या घरात दिवसभर असायचा. माय त्या आवाजावरून तूर आहे की सोयाबीन, हे भाकरी थापता थापता सांगायची आणि ती चुकल्याचं मला आठवत नाही. आमच्या घराचा दिवस दुसऱ्याच आवाजाने सुरू व्हायचा. पहाटे आप्पा अंथरुणातून उठताना त्यांचा उजवा गुडघा कडकन वाजायचा. तो वाजला की माय चूल पेटवायची, मी पाण्याला जायची आणि मागच्या खोलीतला किसनमामा खोकायला लागायचा. घरात घड्याळ होतं, पण त्याची तशी कोणाला गरज पडत नसे.

किसनमामा म्हणजे मायचा धाकटा भाऊ. तोही टोळीत होता. आदल्या साली फळीवरून त्याचा पाय सरकला आणि तो पोत्यासकट खाली आला, पोतं वर आणि मामा खाली. खुबा मोडला. त्यानंतर तो भिंत धरून चालायचा आणि दिवसभर बसून सुतळी वळायचा. त्याला भेटायला येणारा प्रत्येक माणूस एकच गोष्ट बोलायचा, "काही म्हणा, पर किसननं पोतं सोडलं न्हाई." बोलताना त्यांची मान अभिमानाने हलायची. टोळीचा तो कायदाच होता. हमालाने पाठीवर घेतलेलं पोतं मध्ये टाकायचं नाही. कोणी टाकलंच, तर त्या दिवशी त्याने फळीवर पाय ठेवायचा नाही, फाटकी पोती शिवणाऱ्या बायांमध्ये जाऊन बसायचं आणि सुई-दोरा घ्यायचा. त्याला कोणी शिवी देत नसे, कोणी हसतही नसे. बाया तेवढं सरकून जागा करून द्यायच्या. माझ्या आठवणीत हे दोनदाच घडलं आणि त्यातला एक माणूस नंतर गाव सोडून गेला. मामा ती स्तुती ऐकायचा, पाहुण्यांनी आणलेली बिस्किटं चहात बुडवायचा आणि भिंतीकडे बघत राहायचा.

मी तेव्हा दहावी होऊन घरी बसलेली होते. सतरा वर्षांची. घरात मामाचं मोडलेलं शरीर आणि आप्पांचा वाजणारा गुडघा हे दोन्ही रोज बघत होते आणि मला एक भीती बसली होती, की आता आप्पांची पाळी आहे. दुपारी जेवण घेऊन गेले की आप्पा फळीवर चढताना मला बघवत नसे आणि न बघता राहवतही नसे. पोरगी रोज फळीकडे तोंड करून का उभी राहते, हे टोळीत कोणी विचारलं नाही. मी कोणाला सांगितलंही नाही.

त्या बँकेतल्या साहेबांचं नाव पेठकर. पुढे आम्ही त्यांना सर म्हणायला लागलो. बँकेत ते कॅशियर होते आणि मुंबईत असताना एका जपानी माणसाकडे सहा वर्षं आयकिदो शिकले होते. ही विद्या अशी की अंगावर येणाऱ्याचा जोर आपण अडवायचा नाही. त्याच्या बाजूने जरा वळायचं, त्याचाच जोर त्याला परत करायचा, म्हणजे तो पडतो. मग त्याला हात देऊन उठवायचं आणि आता आपण पडायचं. यात स्पर्धा नाही, जिंकणं नाही आणि म्हणून शाळेत किंवा भरतीला चालेल असं प्रमाणपत्रही नाही. पण एक माणूस मात्र लागतोच, कारण समोर धरणाराच नसेल तर फेकायचं कोणाला. सरांची दर तीन वर्षांनी बदली व्हायची आणि दर गावात त्यांची ही तकलीफ असायची. आमच्या गावात त्यांनी आधी शाळेतल्या खेळाच्या मास्तरांना विचारलं. मास्तर म्हणाले, प्रमाणपत्र नसेल तर पोरं पडतील कशाला. मग ते तालमीतल्या पैलवानाकडे गेले आणि त्याला मनगट धरायला सांगितलं. पैलवानाने मनगट धरलं, सरांना उचललं, अलगद पाठीवर निजवलं आणि विचारलं, "अजून काही?" सर त्याला धन्यवाद म्हणून परत आले. आज मी हिंगोलीत पत्र्याच्या हॉलमध्ये वर्ग घेते आणि दर जूनमध्ये आईबाप येऊन तोच प्रश्न विचारतात, पोलीस भरतीला याचे मार्क मिळतात का. मी नाही म्हणते. अर्धे लोक चप्पल घालूनच उभे असतात, त्यामुळे त्यांना जायला फारसा वेळ लागत नाही.

बँकेच्या खिडकीतून ट्रकची फळी दिसायची. सरांनी महिनाभर ती बघितली आणि एक दिवस आप्पांना म्हणाले, "मुकादम, तुमच्या माणसांना मी पडायला शिकवतो." आप्पांना हे अजिबात पटलं नाही. "पडायला काय शिकायचं साहेब? ते आपोआप होते."

पण टोळीतला गोपी आला. गोपी तांड्यावरचा, पंचविशीचा, अंगाने दणकट आणि नवीन काहीही दिसलं की हात लावून बघणारा. आमच्या घरामागे एक रिकामा पत्र्याचा शेड होता. त्यात अंथरायला गाद्या हव्या होत्या. मी आणि किसनमामाने गोणपाटाच्या गाद्या शिवल्या आणि त्यांत सोयाबीनचं कुटार भरलं. कुटार म्हणजे मळणीनंतर राहतो तो भुसा, गावात ढिगाने पडलेला असायचा. त्या गाद्यांना दोनच दोष होते. एक म्हणजे त्यांनी अंगाला भयंकर खाज सुटायची. दुसरा दोष शेजारच्या म्हशीच्या लक्षात आला आणि तिने पहिल्याच आठवड्यात एक गादी अर्धी खाल्ली. सरांनी त्या दिवशी उरलेल्या अर्ध्या गादीवर शिकवलं.

पहिल्या दिवशी गोपीने सरांचं मनगट धरलं. सर वळले, गोपी तोल जाऊन पडला, पण त्याने मनगट सोडलं नाही, त्यामुळे सरही त्याच्या अंगावर पडले. असं सात वेळा झालं. सर उठायचे, चष्मा पुसायचे आणि शांतपणे सांगायचे, "गोपी, पडताना सोडायचं." गोपी विचारायचा, "काहून?" सर म्हणायचे, "नाहीतर मीपण पडतो." गोपी म्हणायचा, "व्हय," आणि पुढच्या वेळी पुन्हा घट्ट धरायचा. त्याला ऐकू येत नव्हतं असं नाही. दहा वर्षं फक्त न सोडण्याचं काम केलेला तो हात होता, त्याला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. आठव्या वेळेला सरांचा खांदा दुखावला आणि त्यांनी आठवडाभर डाव्या हाताने नोटा मोजल्या. तरी ते इतके खूश होते की मायने पुन्हा काढा करायला घेतला.

खांदा दुखावल्यामुळे सरांना गोपीसमोर उभं करायला आणखी कोणीतरी हवं होतं आणि मी गाद्या शिवत तिथेच बसलेली असायची. सरांनी मायला विचारलं. मायने फार विचार केला नाही. "मामाचा पायजमा घाल आन् खालून नाडी बांधून घे," एवढंच मला म्हणाली. अशी मी गादीवर उतरले. सरांनी तीन महिने दुसरं काही शिकवलं नाही, फक्त पडणं. मागे पडायचं ते हनुवटी छातीला लावून, पाठ गोल करून आणि दोन्ही हात गादीवर सपकन मारून. पुढे पडायचं ते हातावरून, खांद्यावरून, तिरपं, चाकासारखं. मला ते पहिल्या दिवसापासून आवडलं. का आवडलं, हे मी आता सांगू शकते. आमच्या घरात पडणं म्हणजे खुबा, हिंगोलीचा दवाखाना आणि भिंत धरून चालणं. आणि इथे मी दिवसातून पन्नास वेळा पडत होते आणि पन्नास वेळा उठत होते. सकाळी भाकरी खायला बसले की तळहात लाल झालेले असायचे, अंगभर कुटाराची खाज असायची आणि मला इतकं बरं वाटायचं की दोन भाकरी जास्त जायच्या. शेजारची सखूबाई दोन दिवस आमच्या शेडातून येणारे सपासप आवाज ऐकत राहिली. तिसऱ्या दिवशी कमरेला पदर खोचून सोडवायला आली. आम्ही काय करतोय ते बघून ती काही न बोलता परत गेली, आणि दुपारपर्यंत गावाने आमच्या वर्गाचं नाव पडायची शाळा ठेवलं होतं.

वर्षभरात टोळीतली सात माणसं यायला लागली. ज्याच्यासाठी मी एवढी पडत होते तो माणूस मात्र आला नाही. आप्पा शेडाच्या दारात यायचे, तंबाखू मळायचे, आपल्या माणसांना गादीवर गडगडताना बघायचे आणि निघून जायचे. मी एकदा धीर करून म्हटलं, "आप्पा, तुमीपण या ना. पाय सरकला तर पोतं टाकून द्यायचं आन् आपण दुसऱ्या अंगाला पडायचं. मामासारखं व्हायचं न्हाई." आप्पांचा आवाज कधी चढत नसे. त्या दिवशीही चढला नाही. "पोतं सोडायचं शिकवून राहिली का माह्या लोकाईला?" एवढं विचारून ते अंघोळीला गेले. मला त्यांचा इतका राग आला की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही, कोण जाणे.

मग मी ते करायचं ठरवलं जे मला कोणी सांगितलं नव्हतं. सरांची विद्या रिकाम्या हाताने पडायची होती, पाठीवर ओझं असेल तर काय, हे त्यात नव्हतं. मी दोन विटांवर एक फळी तिरपी टेकवली, पोत्यात कुटार भरलं आणि गोपीला त्यावरून चालायला लावलं. पाय सरकला की पोतं डावीकडे झटकायचं आणि आपण उजव्या खांद्यावरून लोळण घ्यायची. आप्पा सकाळी पुढे बाजारात गेले की टोळीचं काम सुरू होईपर्यंत आम्ही हे करायचो. दोन महिन्यांत गोपीचा हात सोडायला शिकला. पोतं डावीकडे, गोपी उजवीकडे, हात सपकन जमिनीवर, आणि उभा. सरांनी एकदा ते पाहिलं आणि म्हणाले, "हे मलाही सुचलं नव्हतं, कमल." मी त्यानंतर आठवडाभर गावात जरा ताठ मानेने चालत होते. पुढे काय झालं ते माहीत असल्यामुळे ती ताठ मान आठवली की मला आजही कसंतरी होतं.

दसरा होऊन गेला होता आणि सोयाबीनची आवक इतकी होती की रस्त्यावर पोती लागली होती. कनेरगाव नाक्याकडे जाणारे ट्रक रांगेत उभे. सकाळी अवकाळी शिंतोडे येऊन गेले होते आणि फळी ओली होती. मी धपाटे, भुरका आणि दह्याचा डबा घेऊन पोचले तेव्हा फळीवर चौघे होते. सगळ्यात वर गोपी, त्याच्या मागे आप्पा, आप्पांच्या मागे आणखी दोघे. गोपीचा पाय सरकला. त्याने मी शिकवलं होतं ते सगळं केलं. पोतं डावीकडे झटकलं, उजव्या खांद्यावरून फळीवरून खाली गेला, मातीवर लोळण घेतली, हात मारला आणि उभा राहिला. मी आजवर जितकी माणसं पडताना पाहिली आहेत, त्यात इतकं सुरेख पडणं मी फार कमी पाहिलंय. फक्त पोतं डावीकडे गेलं नाही. कुटाराचं पोतं आपण झटकू तिकडे जातं. क्विंटलभर सोयाबीन उतार असेल तिकडे जातं. ते सरळ फळीवरून घसरत खाली आलं आणि आप्पांच्या नडगीवर आदळलं.

हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. आप्पा फळीवर खाली बसले, एक पाय खाली दुमडलेला, पण पाठीवरचं पोतं त्यांनी सोडलं नाही. मानेच्या शिरा फुगल्या होत्या, आणि ते मागच्या दोघांना ओरडून सांगत होते, "मागं सरका. सरका मागं." ते दोघे उतरले, माणसं धावली, गोपीच पहिला धावला. "आधी पोतं घ्या," आप्पा म्हणाले. पोतं घेतलं, मग आप्पांना घेतलं. मी तिथेच उभी होते. डबा माझ्या हातातून कोणी घेतला ते कळलं नाही, संध्याकाळी तो धुतलेला घरी आला. मला त्या क्षणी एकच गोष्ट दिसत होती. आप्पांनी पोतं सोडलं असतं, तर ते मागच्या दोघांच्या अंगावर गेलं असतं. मी वर्षभर ज्याला आप्पांचा हट्ट समजत होते, तो फळीवरच्या मागच्या माणसाचा विचार होता. आणि तो मला एकदाही सुचला नव्हता.

हिंगोलीच्या हाडांच्या डॉक्टरने मांडीपर्यंत प्लास्टर घातलं. दुसऱ्या दिवशी गोपी कोणी न सांगता पोती शिवणाऱ्या बायांमध्ये जाऊन बसला, दिवसभर शिवलं आणि संध्याकाळी येऊन आमच्या उंबऱ्याबाहेर बसला. आत ये म्हटलं तरी येईना. सर बँकेतून आले आणि त्याच्या शेजारी बसले. आत बाजेवर आप्पा, खाली माय ज्वारी निवडत होती, मागच्या खोलीत मामाची सुतळी चालू होती. मी आप्पांच्या पायाशी जाऊन उभी राहिले आणि सांगितलं, की गोपीला हे मी शिकवलं, त्याचा काही दोष नाही, आणि उद्यापासून शाळा बंद.

आप्पा आढ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "शिकवताना पोत्यात काय भरलं होतं?"

"कुटार."

"कुटार," आप्पा म्हणाले. मग मायकडे वळून म्हणाले, "कुटार भरलं होतं म्हणते."

"ऐकलं म्या," माय म्हणाली.

"गोपीला लागलं का?"

"न्हाई."

"कुठंच न्हाई?"

"कुठंच न्हाई, आप्पा."

आप्पांनी मागच्या खोलीकडे मान वळवली. आणि मग त्यांनी जे म्हटलं त्याची मला कल्पना नव्हती. "किसन पडला त्या दिवशी," ते म्हणाले, "त्याच्या मागं फळीवर कोणी नव्हतं."

मागच्या खोलीतला सुतळीचा आवाज थांबला. थोड्या वेळाने मामा भिंत धरत धरत दारात आला. "मागं कोणी न्हाई, हे मला ठाव होतं दाजी," तो म्हणाला. "पर सोडायचं कसं, ते ठाव नव्हतं." तो एवढंच बोलला आणि उभा राहिला. इतके दिवस त्याला सगळे शाबासकी देत होते आणि तो भिंतीकडे बघत होता, ते का, हे आम्हाला तेव्हा कळलं. मायने सूप बाजूला ठेवलं आणि तोंडाला पदर लावला. आप्पांनी गोपीला हाक मारली, आणि या वेळी तो आत आला.

"पोरीनं अर्धंच शिकवलं," आप्पा त्याला म्हणाले. "उरलेलं शिकल्याबिगर फळीवर पाय ठेवायचा न्हाई. कोणीच."

दुसऱ्या सकाळपासून आप्पांची बाज शेडात आली. प्लास्टरचा पाय उशीवर, हातात तंबाखू. खरी फळी, खरी सोयाबीनची पोती, खाली कुटाराच्या गाद्या. आप्पांनी त्यांच्या तीस वर्षांच्या चालीत बदल केला. फळी ओली असेल तर तिच्यावर एका वेळी एकच माणूस. कोरडी असेल तर दोघांत अर्ध्या फळीचं अंतर. पाय सरकला तर आधी ओरडायचं, मागच्याने पोतं टाकून लगेच उजव्या अंगाला खाली उडी मारायची आणि मग पुढच्याने सोडायचं. आधी नाही. म्हणजे पडणं सगळ्यांनाच यायला हवं, मागच्यालाही. म्हणून टोळीतली तेराच्या तेरा माणसं शेडात आली. कसं पडायचं ते सर आणि मी सांगायचो, केव्हा पडायचं ते आप्पा बाजेवरून सांगायचे. आडतदारांनी भराई सावकाश होते म्हणून कुरकुर केली. आप्पांनी त्यांना घरी बोलावलं, प्लास्टर दाखवलं आणि चहा पाजला.

मग सरांची बदली आली. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "यापुढे कमल शिकवेल." माणसं उठून गाद्या आवरायला लागली. मी टोळीतल्या निम्म्या लोकांना काका म्हणत होते आणि त्यांच्या पोरी शाळेत माझ्या वर्गात होत्या. सर सकाळच्या एसटीने दोन बॅगा घेऊन गेले. निघताना ते रडले. मला वाटलं होतं त्यांना त्याची लाज वाटेल, पण ती वाटली नाही.

आमच्या विद्येत वर्ग सुरू होतो तो नमस्काराने. शिकणारे एका ओळीत गुडघे दुमडून बसतात, शिकवणारा समोर एकटा बसतो आणि सगळे जमिनीला कपाळ टेकवतात. सर गेल्यानंतरच्या पहिल्या सकाळी माणसं ओळीत बसली आणि मीही ओळीतच, शेवटच्या जागी, बसले. समोरची जागा रिकामी. कोणी कोणाकडे बघेना. तेवढ्यात आप्पा काठी टेकत आले. प्लास्टर निघून दोन महिने झाले होते. त्यांनी दारात चपला काढल्या, काठी भिंतीला लावली आणि आयुष्यात पहिल्यांदा गादीवर पाय ठेवला.

"तिथं कोण बसते?" त्यांनी समोरच्या जागेकडे बोट करून विचारलं.

"शिकवणारा," गोपी म्हणाला.

"मंग कमळी इथं काहून?"

मी उठले आणि समोर जाऊन बसले.  आप्पा माझ्या जागी, ओळीच्या शेवटी बसले. पाय दुमडता येत नव्हता, तो त्यांनी बाजूला लांब केला. मग दोन्ही हात गादीवर ठेवले आणि इतरांबरोबर मला वाकून कपाळ टेकवलं. मी ताडकन उभी राहिले. बापाने पोरीपुढे असं वाकायचं म्हणजे काय, हे माझ्या डोक्यात मावेना. आप्पांनी मान वर केली.

"बस खाली. माणसं खोळंबली."

मी बसले, आणि त्यांच्याहून खाली वाकले. मग ओळीतून एकेकाला मागे पडायला सांगत गेले. बसल्या जागेवरून, पाठ गोल करून, अगदी पहिल्या दिवशी शिकवतात ते. शेवटी आप्पांची पाळी आली. क्विंटलाखाली तीस वर्षं वाकलेली ती पाठ मागे जायला तयारच होईना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत भीती पाहिली, आणि मला उठून त्यांना धरावंसं वाटलं. मी उठले नाही. ते पडले. धप्पकन पडले, डोकं गादीला लागलं, आणि हात आले ते सगळं झाल्यावर.

"हात उशिरा आला, आप्पा," मी म्हटलं. माझा आवाज चिरकत होता, मी तो तसाच राहू दिला. "हनुवटी आत घ्या. परत."

"बराबर हाय," आप्पा म्हणाले, आणि कोपरावर जोर देऊन पुन्हा उठून बसले. त्या सकाळी ते एकवीस वेळा पडले, आणि मी एकदाही शाबास म्हटलं नाही.